मागच्या बाजूची माती

नीलमला पाण्याची भीती वाटायची. लहानपणी गावाकडे ती एकदा विहिरीत पडली होती, आणि मुंबईत पुढचं सगळं आयुष्य काढूनही समुद्रात घोट्यापलीकडे कधी गेली नाही. डायलिसिस सुरू असताना एका दुपारी ती नवऱ्याला म्हणाली, "माझी राख पाण्यात नका सोडू. कुठंतरी जमिनीत घाला अन् वर एखादं झाड लावा." कुठलं झाड ते तिने सांगितलं नाही. धम्मपालनेही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिच्या जाण्याला होकार दिल्यासारखं झालं असतं.

धम्मपाल इंगोले मूळचा वाशीमकडचा. पोटासाठी मुंबईला आला, मुलुंडच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. घर मुलुंडलाच, एका जुन्या चार मजली इमारतीत, तळमजल्यावर, मागच्या बाजूला. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर कंपाउंडची भिंत, आणि भिंत नि इमारत यांच्यामध्ये एक अरुंद पट्टा. त्या पट्ट्याकडे कुणी बघत नसे. इमारतीचं प्लास्टर नव्याने केलं तेव्हा जुन्याचा सगळा राडारोडा कंत्राटदाराने तिथेच पसरून टाकला होता. त्यावर गवतसुद्धा धड उगवत नव्हतं.

नीलम गेली तेव्हा धम्मपालने हीच जागा निवडली, कारण ती त्याच्या खिडकीतून दिसायची. पहारीने खणायला घेतलं तर प्रत्येक घावाला पहार ठणठणायची. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फुटक्या लाद्या. कसाबसा एक खड्डा झाला. मुलगी सपना आणि जावई गोवंडीहून आले होते. सगळ्यांनी बुद्धवंदना म्हटली, धम्मपालने राख खड्ड्यात ओतली, नर्सरीतून आणलेली थोडी लाल माती वर टाकली आणि बकुळीचं रोप लावलं. भोवती विटा मांडल्या. सपना बराच वेळ त्या रोपाकडे बघत उभी राहिली.

रोप जगलं नाही. आधी पानांच्या कडा करपल्या, मग पानं पिवळी पडून गळाली. धम्मपाल सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचा, ते वरच साचून राहायचं. त्याने कुणाला न सांगता दुसरी बकुळ आणून लावली. तीही तशीच गेली. त्यानंतर त्याने तिसरी आणली नाही. सपना फोनवर विचारायची, "झाड कसंय पप्पा?" तो म्हणायचा, "हळूहळू येतंय." आणि मग त्याने ती खिडकी उघडणंच सोडून दिलं.

दुसऱ्या मजल्यावर रत्नप्रभा परब राहायच्या. त्या कणकवलीकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करत राहिला, आणि त्यातच गेला. मुलगा सुशांत डोंबिवलीला स्थायिक झाला होता. मुलुंडच्या घरात त्या एकट्याच असत, आणि एकटं माणूस जरा जास्तच स्वयंपाक करतं तसा त्या करत. भाजीची साल, नारळाचा चोथा, माशांची डोकी कचऱ्याच्या गाडीत टाकताना त्यांचा हात अडायचा. गावाला त्यांच्या घरामागे गायरी होती, म्हणजे शेणाचा आणि पाल्यापाचोळ्याचा खड्डा. घरात जे काही नको झालं ते त्या खड्ड्यात जायचं आणि पुढच्या वर्षी शेतात. एक दिवस त्या बादली घेऊन इमारतीच्या मागे गेल्या. भिंतीलगत विटा मांडलेल्या दिसल्या, मध्ये एक वाळकी काडी. कुणीतरी आळं करून सोडून दिलंय असं समजून त्यांनी बादली तिथेच उपडी केली. मग रोजच करू लागल्या.

धम्मपालला आधी फक्त वास आला. खिडकी बंद असूनही फटीतून यायचा, आंबूस, कुजकट, आणि त्यात मासळीचा. त्याला वाटलं, गटार तुंबलं असेल. मग घरात हिरव्या माश्या आल्या. शेवटी तो बाहेरून वळसा घालून मागे गेला. रत्नप्रभाबाई बादली झटकत उभ्या होत्या. विटा दिसतच नव्हत्या. काकडीची सालं, शिळा भात, भोपळ्याचा गर आणि बांगड्याची डोकी यांचा एक चिकट ढीग होता आणि त्याखालून काळं पाणी ओघळत होतं.

"वहिनी, काहून टाकता तुम्ही इथं हे?"

"कचरा नाय हो, भाऊ. त्याचां खत होतलां."

"होईल तेव्हा होईल. आत्ता सडतंय ते. मला घरात घास गिळवत नाही."

"अहो, थोडे दिवस वास येतो, मग..."

"वहिनी, तिथं नीलम आहे."

रत्नप्रभाबाईंना पटकन कळलं नाही. त्यांनी आधी त्याच्याकडे आणि मग ढिगाकडे पाहिलं. धम्मपाल ओरडला नव्हता. त्याने ते अगदी साधेपणाने सांगितलं होतं. "तिची राख," तो म्हणाला, "त्या विटांच्या मधी. झाड लावलं होतं मी. ते मेलं."

बाईंच्या हातातली बादली खाली टेकली. "माका म्हायत नव्हतां," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, अगदी हळू, "खरंच माहीत नव्हतं हो मला." आणि त्या तशाच निघून गेल्या. बादली तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागून फावड्याचा आवाज आला म्हणून धम्मपालने खिडकी उघडली. रत्नप्रभाबाई नाकाला पदर बांधून ढीग उपसत होत्या. घमेलं भरायचं, गेटजवळच्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन ओतायचं, परत यायचं. वय सत्तरीकडे झुकलेलं, गुडघे दुखरे. धम्मपालला राहवलं नाही. तोही बाहेर आला आणि त्याने त्यांच्या हातातलं फावडं घेतलं.

वरचा थर बुळबुळीत होता. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. धम्मपाल तोंडाने श्वास घेत उपसत राहिला. खाली खाली गेल्यावर वास बदलला. कुजकटपणा कमी झाला. फावडं जमिनीला लागेल तेव्हा ठण् होणार असं त्याने गृहीत धरलं होतं, हाताने तयारीही केली होती. पण फावडं आत गेलं. थोडंसंच, बोटभर, पण गेलं.

तो खाली बसला. त्याने हाताने चाचपून पाहिलं. राडारोड्याच्या फटींमध्ये काहीतरी काळं, ओलं, भुसभुशीत भरलं होतं. विटेचा एक तुकडा त्याने उचलला तर त्याच्या खाली एक गांडूळ होतं, बारीक, गुलाबी. ते लगेच आत सरकलं. या जागेत त्याने दोन वेळा खणलं होतं, पाणी घातलं होतं. तेव्हा एक मुंगीही दिसली नव्हती.

"थांबा वहिनी," तो म्हणाला. "राहू द्या हे."

"पण भाऊ, तुमच्या नीलमताई..."

"राहू द्या. फक्त वासाचं काहीतरी करू."

वासाचं काय करायचं ते दोघांनाही नीट ठाऊक नव्हतं. रत्नप्रभाबाईंच्या गायरीत शेण असायचं, गवत असायचं, पेंढा असायचा. इथे नुसती ओली सालं. म्हणजे सुकं काहीतरी हवं, एवढं त्यांच्या लक्षात आलं. सोसायटीच्या दारातल्या पर्जन्यवृक्षाचा पाला रोज झाडून गेटपाशी गोळा केला जायचा. धम्मपालने झाडणाऱ्या बाईला सांगून तो पाला मागे आणून टाकायला सुरुवात केली. एक बादली ओलं, त्यावर पाल्याचा जाड थर. बांगड्याची डोकी बंद झाली. रत्नप्रभाबाईंना ते जरा जड गेलं, पण त्यांनी ऐकलं. ढिगाला आतून हवा लागत नाही असं धम्मपालला वाटलं, म्हणून त्याने माळ्यावर पडलेले जुने वायरिंगचे पाईप काढले, त्यांना ड्रिलने भोकं पाडली आणि ढिगात उभे खोचले. चौथ्या मजल्यावरची पोरं विचारू लागली की इंगोलेकाका रॉकेट बनवतायत का.

पहिल्याच आठवड्यात ढीग तापला. रत्नप्रभाबाईंनी आत हात घातला आणि पटकन बाहेर काढला. "ताप आलाय ह्येका," त्या म्हणाल्या. सकाळी वरून हलकी वाफ निघताना दिसायची. मग ताप उतरला, ढीग खाली बसला, आणि वास गेला. गेला म्हणजे बदलला. पावसात डोंगराच्या बाजूला गेल्यावर येतो तसा येऊ लागला.

धम्मपालने आयुष्यभर तारांचं काम केलं होतं. तार जळते, तुटते, तिच्यावर हिरवट गंज चढतो, पण तांबं तांबंच राहतं. भंगारात विकली तरी कुणीतरी वितळवून पुन्हा तार करतो. इथे मात्र वस्तू स्वतःचं रूप सोडून देत होत्या, आणि ते होताना तो पाहू शकत होता. कोथिंबिरीच्या काड्या दोन दिवसांत दिसेनाशा व्हायच्या. केळ्याची साल आधी काळी, मग कागदासारखी, मग नुसता तिचा आकार. कांद्याची टरफलं हट्टी, ती बरेच दिवस टिकायची. पर्जन्यवृक्षाच्या पानांवर पांढऱ्या बुरशीचे धागे पसरायचे, पानं जाळीसारखी व्हायची आणि हात लावला की विरून जायची. अळ्या आल्या आणि गेल्या. त्यांच्यानंतर हात लावताच गोल वळणारे वाणी किडे आले, मग गांडुळं. जो तो आपल्या वाटणीचं खाऊन पुढच्यासाठी मागे सोडत होता. सफरचंदाच्या सालीवरचं स्टिकर तेवढं तसंच्या तसं राहायचं, कंपनीच्या नावासकट. ते धम्मपाल वेचून काढायचा.

संध्याकाळी तो खिडकी उघडी ठेवून बसू लागला. रत्नप्रभाबाई बादली घेऊन आल्या की तो चहा टाकायचा आणि खिडकीतून कप बाहेर द्यायचा. त्या एका दगडावर बसून चहा प्यायच्या. बोलणं फारसं नसायचं. एकदा त्यानेच विचारलं, "वहिनी, राखेनंच मेलं असेल का ते झाड?"

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. हे त्याच्या मनात किती दिवसांपासून असेल ते त्यांना समजलं. "माका काय म्हायत, भाऊ?" त्या म्हणाल्या. "चुलीतली राख आम्ही अळवाला घालायचो. थोडी घातली की अळू चांगलं यायचं. जास्त झाली तर पिवळं पडायचं. इथे तर नुसता चुना आणि सिमेंट. त्या झाडाने तरी काय करायचं?"

"म्हणजे राखेनं नाही."

"मी असं कुठे म्हटलं? मला माहीत नाही. पण राख ही काही वाईट गोष्ट नाही. तिला सोबत लागते, एवढंच."

धम्मपालने मान हलवली. उत्तर मिळालं नव्हतं, तरी त्याला जरा बरं वाटलं. निदान त्याने ते कुणाला तरी विचारलं होतं.

पुढच्या पावसात ढिगाच्या जागेवर आपोआप रोपं उगवली. टोमॅटो, लाल भोपळ्याचा वेल, मिरची. कुणीही लावली नव्हती, स्वयंपाकघरातल्या बियाच त्या. धम्मपाल ती उपटायला गेला तर रत्नप्रभाबाईंनी अडवलं. त्यातलं एक पपईचं रोप बरोबर त्या विटांच्या मधून वर आलं. ते झपाट्याने वाढलं. वर्ष पुरं होण्याआधी त्याचा शेंडा धम्मपालच्या खिडकीच्या वर गेला, आणि खोडाला लागून फळं धरली.

पहिली पपई पिकली त्या रविवारी सपना खूप महिन्यांनी आली होती. धम्मपालने फळ कापलं, बिया काढल्या, फोडी ताटलीत मांडल्या. सपनाने एक फोड उचलली आणि सहज विचारलं, "कुठून आणली? मस्त वास येतोय."

"मागची आहे."

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. पपईच्या बुंध्याशी सालांचा ढीग होता. "तिथली? आणि बकुळ कुठंय?"

"मेली. दोन्ही मेल्या. मी तुला सांगितलं नाही."

सपनाने फोड ताटलीत परत ठेवली. ती खिडकीशी गेली. मग म्हणाली, "पप्पा, तिथं आई आहे. तिच्यावर तुम्ही लोकांनी भाजीचा कचरा टाकला. आणि आता तिथलं फळ खाताय. कसं जातं तुम्हाला?"

धम्मपालने हाच प्रश्न स्वतःला विचारला होता. पपई झाडावर पिवळी होत असताना तिला हात लावावा की नाही, हे ठरवायला त्याला बरेच दिवस लागले होते. पक्ष्यांना खाऊ द्यावी असंही त्याने ठरवून पाहिलं होतं.

"तुझी आई कधी काही वाया जाऊ द्यायची का?" तो शेवटी म्हणाला. "कोबीचा दांडासुद्धा किसून घालायची ती थालीपिठात. झाडावर पिकलेलं फळ सडू दिलं असतं तर मला शिव्या दिल्या असत्या तिनं."

सपनाने खिडकीच्या चौकटीला हात टेकला.

"आणि तिला पपई आवडायची नाही," धम्मपाल म्हणाला. "वास सहन व्हायचा नाही तिला. म्हणून मला वाटतं, हे काही तिचं नाही. हे आपलं आपण उगवलंय."

सपनाला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. तिने पदराने तोंड पुसलं. त्या दिवशी तिने पपई खाल्ली नाही. पण निघताना डब्यात चार फोडी घातल्या. त्या तिने घरी जाऊन खाल्ल्या की कुणाला दिल्या, हे धम्मपालने कधी विचारलं नाही.

काही वर्षांनी इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. जाणारच होती, आजूबाजूच्या सगळ्या गेल्या होत्या. मीटिंगमध्ये सेक्रेटरी चंद्रप्रकाश राणे यांनी नकाशा भिंतीवर लावून समजावून सांगितलं. खाली पार्किंगसाठी बेसमेंट, वर टॉवर. धम्मपालने विचारलं, "मागच्या पट्ट्याचं काय होणार?"

"पूर्ण प्लॉट खणणार इंगोले. कंपाउंड टू कंपाउंड."

"अन् ती माती?"

"डंपरमध्ये जाणार. तुम्ही काळजी करू नका, नव्या बिल्डिंगला गार्डन आहे ना. सातव्या मजल्यावर. त्याला बिल्डर बाहेरून माती आणणार."

राणे चांगला माणूस होता, त्याने ते समजुतीच्या सुरातच सांगितलं. धम्मपालने पुढे वाद घातला नाही. सगळ्यांनी घरं सोडायची तारीख ठरली. रत्नप्रभाबाई डोंबिवलीला सुशांतकडे जाणार होत्या, धम्मपाल गोवंडीला सपनाकडे.

सामान बांधून झालं त्या दिवशी दुपारी धम्मपाल खुरपं घेऊन मागे गेला. पपईचं झाड एव्हाना म्हातारं होऊन वादळात मोडून पडलं होतं. त्याचं पोकळ खोडही त्या ढिगातच गेलं होतं. विटा अजून होत्या, निम्म्या मातीत रुतलेल्या. तो त्यांच्या मध्ये बसला आणि उकरू लागला. हाताने, हळूहळू, एक एक मूठ पसरून बघत. राखेत अस्थींचे काही तुकडे होते हे त्याला आठवत होतं. ते तरी सापडतील. तेवढे सोबत न्यायचे.

माती काळी होती, हलकी, दाणेदार. मुठीत दाबली की गोळा व्हायची, अंगठ्याने ढकलली की फुटायची. तिच्यात केळं नव्हतं, कांदा नव्हता, पर्जन्यवृक्षाचं पान नव्हतं, पपईचं खोड नव्हतं. ऊन भिंतीवरून उतरलं तरी तो शोधत होता. रत्नप्रभाबाई त्याला निरोप द्यायला खाली आल्या तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि तळहातावर एक पांढरा तुकडा होता, नखाएवढा.

"वहिनी, हे बघा. हाड असेल का?"

रत्नप्रभाबाईंनी तो तुकडा घेतला. उजेडाकडे धरून पाहिला, बोटांत फिरवून पाहिला. तो अंड्याच्या कवचाचा असू शकत होता. फुटक्या लादीचा असू शकत होता. आणखी कशाचाही असू शकत होता.

"समजत नाही हो," त्या म्हणाल्या.

"मलाही."

त्या गुडघ्यावर हात टेकत त्याच्या शेजारी खाली बसल्या. तुकडा त्यांनी परत मातीत ठेवला आणि वर हलक्या हाताने माती लोटली. "शोधू नका, भाऊ," त्या म्हणाल्या. "खंयचीय माती घेवा. कुठलीही घ्या. वेगळं आता काय राहिलंय?"

धम्मपालच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात मातीचे असल्यामुळे त्याला ते पुसता येईना. रत्नप्रभाबाईंनी पदराचं टोक पुढे केलं, पण त्याने मान हलवली आणि दंडाला डोळे पुसले. मग दोघांनी मिळून तांदळाच्या गोणींत माती भरली. तीन गोणी त्याच्यासाठी. रत्नप्रभाबाईंनी आपली ती जुनी बादली भरून घेतली. सुशांतच्या बाल्कनीत अळू लावणार होत्या त्या.

"सून काय म्हणेल?" धम्मपालने विचारलं.

"म्हणूदे काय ता."

महिन्याभराने तो एकदा मुलुंडला गेला. इमारत उतरवून झाली होती आणि जेसीबीने मागच्या बाजूला खणायला सुरुवात केली होती. खड्ड्याची कड सरळ कापलेली होती, त्यामुळे जमिनीचे थर दिसत होते. खाली पिवळट मुरूम, त्यावर राडारोडा, आणि सगळ्यात वर काळी रेघ. वीतभर जाड. त्याला वाटलं होतं, पुष्कळ असेल. एवढी वर्षं, एवढ्या बादल्या, एवढा पाला, आणि झालं ते एवढंच. जेसीबीच्या एका घासात मुरूम, विटा आणि ती काळी माती एकत्र उचलली गेली आणि डंपरमध्ये पडली. डंपर कुठे जातो, असं त्याने ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, भराव टाकायला, खाडीच्या बाजूला कुठेतरी. धम्मपाल डंपर वळून रस्त्याला लागेपर्यंत तिथे उभा होता. त्याला वाईट वाटलं, पण त्याला वाटलं होतं तेवढं नाही.

गोवंडीला सपनाचं घर पाचव्या मजल्यावर होतं. गॅलरीतून दूरवर देवनारच्या डम्पिंग ग्राउंडचा डोंगर दिसायचा आणि त्याच्यावर घारी फिरत असायच्या. धम्मपाल सकाळी तिथे खुर्ची टाकून बसायचा. त्या डोंगरातही केळ्याची सालंच होती, भातच होता, पानंच होती. पण ती प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठी मारून बंद केलेली, हवा न लागता दाबून टाकलेली. ती वर्षानुवर्षं नुसती आंबत होती, धुमसत होती. वाऱ्याची दिशा बदलली की सपना खिडक्या लावून घ्यायची. तिच्या मुलीला दम्याचा त्रास होता.

गोणी गॅलरीत पडून होत्या. "पप्पा, कपडे वाळत घालायला जागा नाही," सपना दोनदा म्हणाली होती. त्या गोणींत काय आहे ते तिला माहीत होतं, म्हणून तिसऱ्यांदा म्हणाली नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी बुद्धविहार होता. त्याच्या बाजूला थोडी मोकळी जागा होती, वाळू आणि विटांच्या चुऱ्याने भरलेली. विहाराचं काम बघणारा प्रबुद्ध वाहुळे नावाचा तरुण होता. त्याला धम्मपालने विचारलं. वंदनेची फुलं रोज निघतात, ती कुठे टाकता? "गाडीत," प्रबुद्ध म्हणाला. "दुसरीकडे कुठे टाकणार?" धम्मपालने त्याला जागा दाखवली, काय करायचं ते सांगितलं. प्रबुद्ध थोडा साशंक होता. "वास येणार नाही ना काका? लोक माझ्या नावाने शिमगा करतील."

"सुरुवातीला येईल थोडा," धम्मपाल म्हणाला. "सुका पाला लागेल भरपूर."

पाला मिळवणं गोवंडीत सोपं नव्हतं. शाळेच्या मैदानाजवळची काही झाडं, नाल्याकडेचा एक उंबर, एवढंच. त्याने पोत्यांत भरून आणला. गल्लीतल्या बायका सालं आणून देऊ लागल्या, एक-दोन जणी आधी, मग आणखी. ढीग रचून झाल्यावर तो एक गोणी खाली घेऊन आला. मागोमाग सपना उतरली. गोणीचं तोंड सोडून तो मुठीमुठीने ती माती ढिगावर भुरभुरू लागला.

"एवढी कष्टाने आणली आणि कचऱ्यावर टाकताय," सपना म्हणाली.

"दुधाला विरजण लावतो ना आपण, तसं. हिच्यात जे जिवंत आहे ते यात शिरेल. मग लवकर होईल."

सपना ढिगाच्या कडेला उभी होती. तिने ढिगावरची थोडी माती चिमटीत घेतली. मग तिने विचारलं, "पप्पा, आई हिच्यात आहे का?"

धम्मपालचा हात थांबला. "असेल," तो म्हणाला. "थोडी डंपरमध्ये गेली. थोडी डोंबिवलीला परबवहिनींच्या बाल्कनीत आहे. थोडी यात असेल. आता तुला वेगळी काढून दाखवता येणार नाही मला."

"आणि हे सगळं कुजल्यावर?"

"मग आणखी कमी दाखवता येईल."

सपनाने मान हलवली. तिला ते पटलं की नाही हे त्याला कळलं नाही. तिने ओढणी कमरेला खोचली आणि ती ढिगापाशी उकिडवी बसली. बायकांनी आणून टाकलेल्या सालांमध्ये दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे होते, निळे, पांढरे, बोटाच्या पेराएवढे. एकेक शोधून ती ते बाजूला ठेवू लागली.